अकरा रुपये बाकी

"अकरा रुपयं ठेवलं तर अडीचशे रुपयं व्याज? ब्यांक हाय का सावकार?"

आप्पानं काउंटरवर हात आपटला. बारामतीच्या त्या शाखेतली अख्खी रांग त्याच्याकडं वळली. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

काचेपलीकडं प्रतीक्षा बसली होती. नोकरी नवी, आवाज शांत. तिनं बिल उलटंपालटं करून पाहिलं. "आप्पा, बिल नऊ हजारांचं होतं. मग अकरा रुपये कमी का भरले?"

"कमी न्हाय भरलं. ठेवलं."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

आप्पाचं पिंपळी गावात ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान होतं. सत्त्याण्णव साली त्याला क्रेडिट कार्ड मिळालं. त्यावर त्याचं नाव उठावाच्या अक्षरांत होतं. पिंपळीतल्या प्रत्येक माणसाला त्यानं त्या नावावरून बोट फिरवायला लावलं. पुण्याहून माल तो त्या कार्डावर आणायचा आणि बिल भरताना अकरा रुपये मुद्दाम बाकी ठेवायचा. दुकानातही त्याची तीच रीत. गिऱ्हाईक सगळी उधारी फेडायला आलं की त्यातला एक रुपया तो परत सारायचा. खातं मिटलं की माणूस तुटतो, हे त्याच्या मेंढरं राखणाऱ्या बापापासून चालत आलेलं. बँकेलाही त्यानं माणूस धरलं. चूक म्हणायची तर एवढीच.

शेजारी त्याची बायको म्हाळसा उभी होती. "भांडा, पर सगळं फेडू नगा," असं तिनं वाटेत बजावलं होतं. तिला चटका बसलेला होता. तिचा धाकटा भाऊ राम पळसदेवला शेती करायचा आणि आप्पाच्याच दुकानातून उधारीवर माल न्यायचा. तीन वर्षांपूर्वी भरल्या दुकानात आप्पा म्हणाला होता, "आला बघा, उधारीवर नांगरट करनारा मेव्हणा!" गिऱ्हाइकं हसली. रामनं म्हैस विकली, येऊन सगळी उधारी फेडली आणि वरचे आठ आणेसुद्धा मोजून ठेवले. जगाला एक रुपया परत सारणाऱ्या आप्पानं त्या दिवशी ताठ्यात ते आठ आणेही गल्ल्यात टाकले. तेव्हापासून राम पिंपळीला फिरकला नाही. तीन भाऊबिजा तशाच गेल्या. म्हाळसाला जावंसं वाटायचं. पण कुठल्या तोंडानं जायचं? देणं नाही, घेणं नाही, निरोपसुद्धा नाही.

"आप्पा, नीट ऐका," प्रतीक्षा म्हणाली. "बिल तारखेच्या आत पूर्ण भरलं तर व्याज शून्य. एक रुपया जरी राहिला तरी ती सवलत गेली. मग व्याज अकरा रुपयांवर लागत नाही. माल घेतला त्या दिवसापासून सगळ्या नऊ हजारांवर लागतं. पुढच्या महिन्यात तुम्ही पैसे भरता, ते आधी त्या व्याजात जातात. उरले तर मुद्दलात. तुम्ही परत अकरा ठेवता, की परत तेच."

"म्हंजी आमी मान ठेवतूय आनि तुमी व्याज लावताय?"

"मशीनला मान कळत नाही, आप्पा. बाकी कळते."

आता रांग उघड हसली. आप्पाचा चेहरा तांबडा झाला. त्यानं पाकिटातून नोटा काढल्या. म्हाळसानं त्याचा हात धरला आणि ती काचेजवळ वाकली.

"बाई, एक सांगा. आमी सगळं फेडलं आनि वर अकरा रुपयं जास्त भरलं तर?"

"तर ते तुमचे जमा राहतील. बँक तुमची देणेकरी होईल. व्याज कुणालाच नाही."

"म्हंजी खातं चालू ऱ्हायाला बाकी आपल्याकडंच पायजे, असं न्हाय?" म्हाळसानं विचारलं.

"नाही. कुणाकडंही चालते."

आप्पा खूश. अकरा रुपये जास्त भरून तो बाहेर आला ते मिशीला पीळ देतच. "ब्यांक माझी देणेकरी! आता सांगतो पिंपळीत एकेकाला!" म्हाळसाचं लक्ष नव्हतं. स्टँडवर पोचताच तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली, जायच्या भाड्यापुरती चिल्लर काढली आणि बाकीचे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

"पळसदेवला चाललेय."

आप्पाचा पीळ सुटला. तो म्हणाला, "मी येऊ?"

"तुमी नगा. तुमी परत काय तरी इनोद कराल."

राम विहिरीवर मोटर उघडून बसला होता. बांधावर बहीण दिसली तसा पाना टाकून धावत आला.

"आक्का? कोन गेलं?"

"कुनी गेलं न्हाय. परतीच्या भाड्याला पैसं न्हाईत. अकरा रुपयं उसनं दे."

रामचा आवाज चढला. "तीन वरसांनी आलीस ती उसनं मागायला? एवढं मोठं दुकान, कार्डवालं दाजी, आनि तू माज्याकडं हात पसरतीस?"

"व्हय. पसरते."

त्यानं बंडीच्या खिशातून नोटा काढल्या. दहाची आणि एकची. तेलाचे हात लागून दोन्ही काळ्या झाल्या. तिनं त्या घेतल्या, घडी घातली आणि कनवटीला खोचल्या.

"आनि फेडनार कवा?" रामनं घुश्शात विचारलं.

"दर भाऊबीजंला एक रुपया," म्हाळसा म्हणाली. "वसुलीला तू यायचं."