अण्णांची रेघ

वजनकाट्यावरचा आकडा एकतीस टनांवर थांबला. आमच्या डंपरला परवानगी अठ्ठावीसची. दुरुस्तीनंतरची ही पहिलीच खेप होती.

"परत जादा भरलात, काका?" मी लोडरवाल्या सोपानकाकांवर ओरडले. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी असाच भरला, म्हणून घाटात ब्रेक लागले नाहीत आणि माझे वडील, अण्णा, गेले, असंच मी धरून चालले होते.

"तेव्हाही रेघेपर्यंतच होता. चढून बघ, पोरी."

मी चढले. आतल्या पत्र्यावर अण्णांनी रंगवलेली पांढरी रेघ होती आणि माल तिच्या बोटभरही वर नव्हता. या रेघेच्या भरवशावर अण्णांनी वीस वर्षं वजन न करता कोरडी खडी वाहिली. पण आज आत धुतलेली वाळू होती. मागच्या फाळक्यातून पाणी ठिबकत होतं. ओली वाळू तेवढ्याच जागेत कोरड्या खडीपेक्षा जड भरते. अपघाताच्या दिवशी अण्णा पहिल्यांदाच वाळू घेऊन निघाले होते.

"ताई, निघू का?" नवा ड्रायव्हर जालिंदर केबिनमधून म्हणाला. आता तोच घाट त्याला उतरायचा होता. "अण्णांची रेघ म्हणजे बघायलाच नको."

"उतर खाली." मी काकांकडे वळले. "काका, तुम्ही बरोबर भरलं होतंत. चुकले ते अण्णा."

काकांनी लोडर सुरू केला. वाळू ओतून पुन्हा भरली. आकडा अठ्ठावीसच्या आत थांबला, तेव्हा मी खडूने नवी रेघ ओढली, जुन्या रेघेच्या वीतभर खाली.

"वरची पुसू का?" जालिंदरने विचारलं.

"राहू दे," काकाच म्हणाले. "खडीला ती बरोबर आहे."