जावयाच्या मोज्यातली सुरी

टॉर्क्विलने वाकून मोज्याला हात घातला आणि तो वाकलेलाच राहिला.

बॅगपाईपवाल्याने वाजवणं थांबवलं होतं. ताटात हॅगिस वाफाळत होता. मेंढीच्या पोटात भरून शिजवलेला तो खिम्याचा गोळा नवरीच्या बापाने रिवाजाप्रमाणे मोज्यात खोचलेली सुरी उपसून चिरायचा आणि मग पंगत सुरू व्हायची. स्काय बेटावरच्या त्या हॉलमध्ये अख्खं गाव भुकेलं बसलं होतं.

लोकांना वाटलं, म्हातारा प्रार्थना करतोय. शेजारी उभ्या असलेल्या लॅक्लनला, म्हणजे नवरदेवाला, मात्र खरं काय ते दिसलं. सासरा मूठ ओढत होता आणि मुठीबरोबर म्यानही वर येत होतं. त्याने ते घाईघाईने पुन्हा मोज्यात दडपलं. मूठ आणि म्यान एकाच साच्यातून काढलेलं, प्लास्टिकचं. भाड्याच्या किल्टबरोबर, त्या चौकड्यांच्या पुरुषी घागऱ्याबरोबर, मिळतं तसलं. आत पातंच नव्हतं.

लॅक्लनला हसूच फुटायला आलं. वर्षभर या माणसाने त्याला सुरीवरूनच सोलून काढलं होतं. टॉर्क्विलची सुरी पणजोबांची, काळ्या लाकडाची, चांदीच्या टोपणाची. एरवी ती काचेच्या कपाटात असायची. "ही उगाच उपसत नाहीत," असं तो ऐटीत सांगायचा. लॅक्लनची सुरी ग्लासगोच्या एका लोहारणीने बनवलेली. पातं पोलादी, पण मूठ मासेमारीची जुनी जाळी वितळवून केलेली, हिरवीगार. तो तिने चीज कापायचा, दोर कापायचा, शिंपले उघडायचा आणि धुऊन पुन्हा मोज्यात खोचायचा.

"प्लास्टिकची मूठ?" पहिल्याच भेटीत टॉर्क्विल म्हणाला होता. "जावईबापू, ही सुरी आहे की दात घासायचा ब्रश?"

सगळा पब हसला होता. इशबेल तेवढी हसली नव्हती, आणि म्हणूनच आज ती नवरी होऊन लॅक्लनच्या बाजूला बसली होती.

आता नुसतं "काय हो, अडकली का?" एवढं विचारलं असतं, तरी वर्षभराची परतफेड झाली असती. लॅक्लनची जीभ वळवळत होतीच. मग त्याचं लक्ष म्हाताऱ्याच्या कानांकडे गेलं. कान लालबुंद झाले होते. समोर त्याचं गाव, त्याचे भाऊबंद, आणि दिवस एकुलत्या एका लेकीच्या लग्नाचा. लॅक्लनचं हसू जागच्या जागी जिरलं. या खवट माणसाचा आपल्याला लळा लागलाय, हे त्याला तेव्हा कळलं.

"थांबा, टॉर्क्विल," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आमच्याकडची जुनी पद्धत आहे. सुरी जावयाची आणि हात सासऱ्याचा. सासऱ्याने ती स्वतः जावयाच्या मोज्यातून काढायची. त्याशिवाय संसार लाभत नाही म्हणतात."

असली कुठलीच पद्धत नव्हती. लॅक्लनचे आईबाप एकमेकांकडे बघायला लागले.

"मी तर कधी ऐकली नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

"तू कुठून ऐकणार? तुझं लग्न कुठे झालंय?" सासूबाई, पेगी, जागेवरूनच म्हणाल्या. "माझ्या माहेरी होती ही पद्धत. टॉर्क्विल, विसरलास वाटतं. चल, आटप, लोकांना भुका लागल्यात."

लॅक्लनने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या शांतपणे मांडीवरचा रुमाल सारखा करत होत्या. ते काचेचं कपाट दर शनिवारी त्याच पुसायच्या.

टॉर्क्विलने जावयापुढे एक गुडघा टेकला. "खरी विमानतळावर जप्त झाली," तो मोज्याशीच कुजबुजला. "हातातल्या बॅगेत राहिली होती. पेगीला बोलू नकोस."

"नाही बोलणार," लॅक्लन म्हणाला.

सुरी अलगद बाहेर आली. हॅगिस एका फटक्यात उघडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पाईप पुन्हा वाजायला लागला, ग्लास उंचावले. टॉर्क्विलने पातं पुसलं आणि हिरवी मूठ उलटसुलट करून पाहिली.

"हातात बरी बसते," तो म्हणाला. "धारही आहे."

"ब्रशला?" लॅक्लनने विचारलं.

म्हातारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने सगळ्यांदेखत जावयाला मिठी मारली. लॅक्लनच्या बरगड्या दुखल्या, पण त्याला फार फार बरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावातल्या एका लग्नात सासऱ्याने गुडघा टेकून जावयाच्या मोज्यातली सुरी काढली. मग त्यानंतरच्या लग्नातही. आता त्या किनाऱ्यावर त्याशिवाय पंगतच बसत नाही. कुणा पाहुण्याने विचारलंच, तर टॉर्क्विल छाती काढून सांगतो, आमच्याकडे हे पणजोबांच्या काळापासून चालत आलंय.