मधला पीस

दुसरं कडवं संपायला दोनच ओळी उरल्या होत्या आणि चिंधूचा हात अजून मांडीवरच होता.

रूपराव गिटार वाजवता वाजवता त्याच्याकडे बघत होता. गिटार साधी, लाकडी, पोकळ पोटाची. तारांजवळ चिकटपट्टीनं लावलेली आवाज ओढणारी चकती, आणि तिच्यातून निघालेली वायर थेट स्टेजच्या दुसऱ्या टोकाला, चिंधूपुढच्या मशीनमध्ये. आवाजाचं बटण तिथं. रूपरावचे दोन्ही हात गुंतलेले. एक सोडला तर गाणं तुटणार, आणि सोडूनही बटण बारा फूट लांबच.

गाण्याच्या मागे गिटार हळू लागते. पण तेवढ्याच आवाजात मधला पीस वाजवला, की तो ढोलक आणि अ‍ॅकॉर्डियनखाली गडप होतो. नऊ वर्षं तो गडपच होत आला होता. ऑर्केस्ट्रा हिरालालशेठचा, गायक हिरालालशेठ, आणि पीसच्या वेळी आलेल्या पाहुण्यांची नावं माईकवर वाचणारेही तेच. दिवसा रूपराव त्यांच्याच दुकानात कापड फाडायचा, राहायचा दुकानामागच्या त्यांच्याच खोलीत. ऑर्केस्ट्रा सोडायचा म्हणजे नोकरी आणि छप्पर एका दमात सोडायचं.

म्हणून आजचा दिवस. पुलगावच्या शारदोत्सवात पहिल्या रांगेत नागपूरचे मोतीलाल बसले होते. त्यांच्या ऑर्केस्ट्रात गिटारवाल्याची जागा रिकामी होती, वर राहायला खोली. दुपारी स्टेशनवर त्यांनी सरळ सांगितलं होतं, "ऐकल्याबिगर मी कोनाले घेत नाई, भाऊ. अन् आठच्या गाडीनं मी चाललो." आता साडेसात होत आले होते. गिटारचा पीस असलेलं गाणं कार्यक्रमात हे एकच.

मशीनवर एरवी शेठचा पुतण्या बसे. तो तापानं पडला, म्हणून अल्लीपूरचा लाउडस्पीकरवाला चिंधू भाड्यानं आणला होता. कार्यक्रमाआधी रूपरावनं त्याला गाठलं होतं.

"पीस आला का बटन पुरं फिरवजो. संपला का खाली."

"शेठ म्हनतीन तं फिरवतो," चिंधू म्हणाला. "तुमच्या म्हनन्यानं हात लावला अन् शेठ खवळले तं? मले पुढच्या सालीबी इथं येनं हाय, रूपरावभाऊ."

कडवं संपलं. पीस सुरू झाला. रूपरावनं नखी घट्ट धरली आणि होता नव्हता तेवढा जोर तारांवर घातला. बोटं भाजली, आवाज तेवढाच राहिला. मोतीलालांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि पायापाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली.

हिरालालशेठनी खिशातून नावांचा कागद काढला. तेवढीशी किणकिणही त्यांना आड येत असावी. माईकवर तळहात ठेवून ते चिंधूकडे वळले.

"अबे, वाढव ना त्याचं!"

रूपरावला तो शब्द पाठ होता. शेठ पिढीजात दुकानदार. 'बंद कर' हे शब्द तोंडातून काढणं त्यांना अशुभ वाटे. दुकान बंद करायचं तर 'वाढव', दिवा मालवायचा तर 'वाढव', पंखा थांबवायचा तरी 'वाढव'च. नऊ वर्षं रोज संध्याकाळी त्या एका शब्दावर रूपरावनं दुकानाच्या फळ्या लावल्या होत्या. म्हणजे आता गिटार बंद.

चिंधू मात्र कधी कुठल्या दुकानात बसलेला नव्हता. शेठनी स्वतःच सांगितलं म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

मांडवभर गिटार उसळली. पाठोपाठ मशीननं शिट्टी धरली. रूपराव स्पीकरसमोरून बाजूला झाला, गिटारचं पोट त्यानं आपल्या पोटावर गच्च दाबलं. शिट्टी विरली आणि नुसता पीस उरला, स्वच्छ, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा.

"अबे वाढव!" शेठ कागद हलवत ओरडत होते. "वाढव म्हनतो ना तुले!"

"पुरी वाढवली, शेठ!" चिंधूनं दोन्ही हात वर केले. "याच्या वर मशीनच जात नाई!"

बायकांच्या बाजूला रूपरावची बायको नलू शेजारणीचं मनगट धरून सांगत होती, "आमचे हायेत हे. गिटारवाले, ते आमचे."

गाणं संपलं तरी टाळ्या थांबेनात. मोतीलाल पिशवी घेऊन स्टेजपाशी आले. वर मान करून म्हणाले, "सोमवारी येजो, भाऊ."

हिरालालशेठनी ते ऐकलं. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळलं की त्यांना पाठमोरंही कळायचं. त्यांनी रूपरावच्या खांद्यावर हात टाकला आणि माईक ओढला.

"पाह्यलं, मंडळी? हा आपला मानूस! मीच म्हटलं, वाढव! मीच याले पुढं आनला. आता तूच सांग, रूपराव, साऱ्या गावासमोर सांग. असा मालक सोडून कोनी जाते काय?"

मांडव हसला. माईक रूपरावच्या तोंडासमोर आला. खांद्यावरचा हात जड होता आणि हलत नव्हता. शेठ खोटं काहीच बोलले नव्हते. शब्द त्यांचाच होता. जातो म्हटलं तर भरल्या गावात बेइमान ठरायचं. राहतो म्हटलं तर उद्या पुन्हा फळ्या. खाली मोतीलाल थांबले होते. साऱ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या.

रूपरावनं हात जोडले.

"शेठजी," तो माईकमध्ये म्हणाला, "सोमवारपासून दुकान तुम्हीच वाढवा."

मांडवाला ती शुभेच्छा वाटली. टाळ्या दुप्पट झाल्या. खांद्यावरचा हात तेवढा खाली आला.