निरोप मिळाल्याचा अंगठा

सकाळपासून ताईचा एक डोळा गिऱ्हाइकांवर होता आणि एक मोबाईलवर. काउंटरवर फोन थरथरला की हातातला चष्मा ठेवून ती आधी तिकडे बघायची. भावावर लिहिलेला तिच्या ब्लॉगवरचा लेख अजून फिरतच होता. आणि आता खुद्द भाऊच लेकीचं बोट धरून ताईच्या चष्म्याच्या दुकानात उभा होता. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, फळ्यावरचं वाचताना ही मध्येमध्ये शब्द गाळते, डोळे तपासून घ्या.

लेखात भावाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं, फोटोही नव्हता. एवढंच होतं, की त्याची जीभ प या अक्षराला अडते, म्हणून तो जन्मभर त्या अक्षराला वळसा घालत आलाय. पाणी मागायचं तर 'घसा सुकलाय' म्हणतो. 'पण' म्हणायचं तिथे 'मात्र' म्हणतो, अगदी घरातल्या भांडणातसुद्धा, आणि लोकांना वाटतं माणूस मोठा व्यासंगी आहे. ताईनं जीव ओतून लिहिलं होतं. त्या भरात आणखी एक लिहून गेली. लेकीला तो चिमणी म्हणतो ते लाडानं नव्हे, तिचं खरं नाव प नं सुरू होतं म्हणून.

चिमणी आरशापुढे मोठ्यांच्या फ्रेमा नाकावर चढवून बघायला लागली, तसा भाऊ काउंटरवर वाकला.

"काढून टाक ते."

"अरे, लोक काय लिहितायत ते बघ तरी. एक आई म्हणते, तिचा मुलगा वर्गात हात वर करायला लागला. आणि मी तुला न विचारता टाकलं का? ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी दाखवायचं, हा माझा नियमच आहे. ब्लॉगच्या माथ्यावर लिहून ठेवलाय. तुला पाठवलं, तू अंगठा दिलास."

तिनं फोन त्याच्यापुढे धरला. हातभर लांब लेख, आणि त्याखाली खरंच एक पिवळा अंगठा.

"तो निरोप मिळाल्याचा अंगठा होता," भाऊ म्हणाला. "मी लिफ्टच्या खड्ड्यात दुरुस्ती करत होतो, हात ग्रीसनं बरबटलेले. म्हटलं, घरी गेल्यावर वाचू. राहून गेलं. ताई, मी सगळ्यांनाच अंगठा देतो. बोलावं लागत नाही."

हे ताईला ठाऊक नव्हतं थोडंच? मावशी पडून तिचं हाड मोडल्याच्या बातमीलाही यानं अंगठाच दिला होता, आणि त्याबद्दल त्याची खरडपट्टी काढणारी ताईच होती. लेखाला आलेला अंगठा मात्र तिला सोयीचा होता. तिनं तो मुकाट्यानं होकारात जमा केला होता.

"कामावर सगळ्यांनी लेखातला माणूस ओळखला. मी तोंड उघडलं की आता वाट बघत बसतात, हा कुठला शब्द टाळणार म्हणून. तेही चालवून घेतलं असतं," भाऊ म्हणाला. मग थांबला. ओठांवर आलेला एक शब्द त्यानं गिळला आणि दुसरा शोधला. ताईला तो वळसा स्वच्छ दिसला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. "घरात हिला हाक मारायची चोरी झालीये. चिमणी म्हटलं की ही येते, मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहते. हिला वाटतं, बाबांचा नाइलाज आहे."

"नाइलाज होताच ना रे?"

"होता. आणि लाडही होता. दोन्ही होतं, ताई. तू एकच लिहिलंस."

ताईनं फोनवर लेख उघडून तो परिच्छेद शोधला.

"तेवढा परिच्छेद काढते," ती म्हणाली. "बाकीचं राहू दे. लोकांना उपयोग होतोय."

"आणि हिनं वाचलंय, त्याचं काय करशील?"

फोन पुन्हा थरथरला. ताईनं तो पालथा घातला आणि घाईनं उठली. "आधी हिचे डोळे बघू दे मला." भावासमोर आणखी बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

आतल्या खोलीत तिनं चिमणीला उंच खुर्चीत बसवलं, काचा बदलायची जड चौकट तिच्या डोळ्यांवर चढवली आणि समोरच्या तक्त्यामागचा दिवा लावला. भाऊ दाराशी उभा राहिला.

"वाच बघू."

"म. र. ग." पुढचं अक्षर चिमणीनं वाचलं नाही. ती खालच्या ओळीवर गेली.

ताईनं काच बदलली. चिमणीनं पुन्हा तेच केलं. ताईनं दुसरी काच लावली, मग तिसरी. तिला काही उलगडेना. तळाची बारीक ओळ, जी मोठ्या माणसांना डोळे ताणूनही लागत नाही, ती पोरगी घडाघडा वाचत होती, आणि तिच्यातलंही एक अक्षर सोडत होती. शेवटी ताई तक्त्यापाशी गेली आणि वरच्या ओळीतल्या त्या भल्यामोठ्या अक्षरावर तिनं बोट ठेवलं.

"हे गं?"

"ते दिसत नाही."

ताईनं बोटाखाली पाहिलं. प होता. तळाच्या ओळीत शोधलं. तिथेही चिमणीनं सोडलेला तो प होता.

"नंबर जास्त आहे का?" दारातून भावानं विचारलं.

ताईनं तक्त्यावरचं बोट काढलं. ती नुसती चिमणीकडे बघत राहिली. आत्याला कळलंय, हे चिमणीलाही कळलं. तिनं एकदा बाबांकडे पाहिलं, चौकट एका हातानं सावरली, खुर्चीवरून उतरली आणि आत्याच्या कानाशी आली.

"आत्या, हे नको हं लिहूस."