खंडेनवमीचं विमान

केरबानं शेवटचा हात मारून ब्रश थिनरमध्ये बुडवला आणि अवघडलेली मान मागं टाकली. झालं बुवा एकदाचं! वीतभर लांबीचं राखाडी विमान खाली अंथरलेल्या पेपरवर उभं होतं, पंख मिटून. बोटीवर जागा कमी, म्हणून नौदलाची विमानं पंख मिटूनच उभी करतात, असं पोरीनं फोनवर सांगितलं होतं. त्याचे तांदळाएवढे सुटे भाग चिमट्यानं धरून चिकटवता चिकटवता केरबाच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

पोरगी म्हणजे संयोगिता. नौदलात विमानांची दुरुस्ती करते. ठरलेलं लग्न मोडून ती भरती झाली, तेव्हापासून तिची आई तिच्याशी बोलत नव्हती. फोन वाजला की शालूबाई उठून गोठ्यात. विमानाच्या सुट्या भागांचा खोका पोरीनंच बापाला पाठवला, तर त्याकडंही बाईनं कधी ढुंकून पाहिलं नाही. मधल्यामध्ये केरबाचं मरण. इकडची खुशाली तिकडं, तिकडची इकडं सांगून तो पार थकून गेला होता.

आज खंडेनवमी. विमान ओसरीवर वाळत ठेवून तो ट्रॅक्टर धुवायला गेला. परत येऊन बघतो तर विमानाच्या नाकावर ओल्या रंगात हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, आणि मिटलेल्या पंखात झेंडूचं फूल खोचलेलं.

"अगं ए, ह्ये काय करून ठिवलंस?" केरबा ओरडलाच. "रंग वला हाय त्यो! डोळं फोडून घेतलं मी ह्याच्यापायी!"

शालूबाई पूजेचं ताट घेऊन अंगणात उभी होती.

"आवं, मला काय ठावं वला हाय ते? समद्यांच्या हत्यारांस्नी लावलं. तुमच्या कोयत्याला लावलं, माज्या खुरप्याला लावलं. मग तिच्याच हत्याराला न्हाई लावायचं व्हय?"

केरबानं थिनरची चिंधी उचलली होती, ती हातातच राहिली. पोरीचा विषय आज हिनं आपणहून काढला होता.

"पुसू का मग?" त्यानं हळूच विचारलं.

"खबरदार हात लावला तर!" शालूबाईनं ताट खाली ठेवलं. मग दुसरीकडंच बघत म्हणाली, "फोटू काढा त्याचा. आन् धाडा तिला. कुकू दिसंल आसा काढा."

त्यानं फोटो काढला. पाठवला. चिंधी बाजूला टाकून तो तिथंच पायरीवर टेकला.

फोन वाजला. सवयीनं केरबानं गोठ्याकडं बघितलं. गोठ्यात कुणी नव्हतं. शालूबाई त्याच्या पुढ्यातच उभी होती. कुंकवाची बोटं पदराला पुसून तिनं हात पुढं केला.