जुळलेली एकच ओळ

"मॅडम, तुमचं भाषांतर मूळ मजकुराशी जुळत नाही," पाणीपुरवठा कार्यालयाचे घारपुरे साहेब माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा आपटत म्हणाले.

वेबसाइटचा इंग्रजी मजकूर त्यांनीच एक्स्पोर्ट करून पाठवला होता. शेजारच्या रकान्यात मी मराठी लिहून दिलं. साहेबांनी त्याची प्रिंट काढली, पट्टी धरून दोन्ही रकाने अक्षरन् अक्षर ताडून पाहिले आणि तीनशे अकरा ओळींवर लाल फुली मारली.

"अहो साहेब, एकीकडे इंग्रजी, दुसरीकडे मराठी. सारखं कसं दिसेल?"

"मला कळतं हो! पण पडताळणीच्या फॉर्मवर 'तंतोतंत जुळते' किंवा 'जुळत नाही', एवढंच आहे. खोटी सही मी आयुष्यात केलेली नाही. जुळलेली एकच ओळ वेबसाइटवर इम्पोर्ट करतोय."

मराठी भाषा दिनाला लोकार्पण झालं. टाळ्यांच्या गजरात पडद्यावर मराठी पान उघडलं. कोऱ्या पानावर मधोमध फक्त हेल्पलाइनचा नंबर होता. तो मी जसाच्या तसा ठेवला होता.

घरी तीन दिवस नळ कोरडा होता. संध्याकाळी मी तोच नंबर फिरवला. रेकॉर्ड केलेला गोड आवाज म्हणाला, "मराठीतून माहितीसाठी कृपया आमची वेबसाइट पाहा."