झाकलेला मांडा

“गरम मांडा झाकू नको गं, शैला. त्याला घाम फुटला की त्याचं चामडं होतं.” खापरावर पुरणाचे मांडे भाजणाऱ्या आईचा तो आवाज शैलाच्या कानातून कधी गेलाच नाही. पण तिचे मांडे घरपोच विकणाऱ्या कंपनीचा नियम वेगळा होता. मांडा उतरला की लगेच हवाबंद डब्यात भरायचा आणि डबा ड्रोनकडे द्यायचा. गिऱ्हाइकाशी थेट बोललं, तर शैलाचं दुकान कंपनीच्या यादीतून कायमचं पुसलं जाणार होतं. म्हणून दोन वर्षं शैला गप्प होती.

आज मात्र तिनं आपल्या जुन्या गिऱ्हाईक भारंबे काकूंचं दार वाजवलं.

“आता कशाला आलीस?” काकू म्हणाल्या. “सकाळीच फोनवर रडलीस ना? मांडे चिवट निघाले म्हणून माफी मागितलीस. हात पहिल्यासारखा चालत नाही म्हणालीस. मी सगळ्या भिशीला सांगितलं, शैला थकली गं.”

त्यांनी फोनवर रेकॉर्ड झालेलं ते बोलणं ऐकवलं. आवाज शैलाचाच होता, आईकडून आलेला हेलसुद्धा तोच.

अंगणावर कंपनीचं ड्रोन येऊन थांबलं. शैलानं वर पाहिलं. मग टोपलीतला उघडा मांडा काकूंच्या हातावर ठेवला.

“काकू, हा आवाज कंपनीनं बनवलाय. मी माफी मागितलीच नाही. माझा हात अजून चालतो.”